एकोणीस इंची टायरांची वाटणी

मी, तारामती गोविंदराव बिरादार, वय ५४, शिक्षण चौथी, धंदा जुन्या मोटारींचे टायर-ट्यूब, राहणार बरकतपुरा, हैदराबाद, हे मृत्युपत्र माझ्या हाताने मराठीत लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप, आणि येत्या सोमवारी डॉक्टर ती बदलणार आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छाती नाही. मुलगा हर्षवर्धन याला मराठी अडखळत वाचता येतं, म्हणून सून शिल्पाने वाचावं, त्याने ऐकावं, मध्ये फोन घेऊ नये.

कलम १. बरकतपुऱ्याचं घर मी आणि माझ्या नवऱ्याने कमावलेलं आहे, भाऊबंदांचा त्यात हक्क नाही. ते हर्षवर्धनला. बँकेत जे असेल तेही त्याला.

कलम २. माझ्या पाटल्या शिल्पाला. तिला ही घडण आवडत नाही हे मला माहीत आहे. खुशाल मोडाव्यात, पण मोडताना सोनारासमोरून उठू नये.

कलम ३. दीर एकनाथराव यांना माळ्यावरचे नऊ टायर. कुठल्याशा बंगल्यातून त्यांनी ते 'तीस वर्षं न वापरलेले' म्हणून आणले. न वापरलेलं रबरसुद्धा मरतं, हे मी त्यांना पंधरा वर्षं सांगते आहे. टायर वाकवला की बारीक भेगा दिसतात. भावजींनी त्यावर काळं पॉलिश मारून ठेवलं आहे. नऊही त्यांना द्यावेत, आधी प्रत्येकाचे चार तुकडे करून.

कलम ४. अफझलगंजचं दुकान, त्यातले टायर, चौसष्ट ट्यूबा, पाने, पंप, सगळं अप्पाराव यांना. ते माझ्याकडे दहा वर्षं कामाला आहेत. ट्यूबा आहेत तशाच राहू द्याव्यात, संगजिऱ्याची भुकटी लावून, थोडी हवा भरून, आडव्या. खिळ्याला टांगू नयेत, घडी पडते तिथेच फुटते. ग्राइंडर मात्र भंगारात घालावा.

हर्षवर्धन विचारेल, दुकान नोकराला का. म्हणून पुढचं लिहिते.

कलम ५. लग्न होऊन आले तेव्हा आमचे हे एकोणीस इंची टायरांसाठी मुंबई-कलकत्त्याला पत्रं लिहीत बसायचे. नव्वद वर्षांपूर्वीच्या मोटारींना ते माप लागतं आणि मोटारीसाठी कोणी बनवत नाही. मी म्हटलं, आमच्या भालकीकडे वडिलांच्या बैलगाडीला हेच चाक आहे. हे दोन दिवस हसले, तिसऱ्या दिवशी टेप घेऊन माझ्या वडिलांकडे गेले. दुकान त्यावर चाललं. बैलगाडीचा टायर मजबूत, ताजा, कुठल्याही जिल्ह्याच्या गावी मिळणारा. फक्त तो बैलाच्या चालीसाठी केलेला असतो आणि तसं त्याच्या अंगावर इंग्रजीत तीन अक्षरांत लिहिलेलं असतं. ती अक्षरं दाखवून, तीसच्या वर पळवू नका असं बजावूनच आम्ही तो विकायचो. वरातीला आणि प्रदर्शनाला तेवढं पुरतं.

अकरा वर्षांपूर्वी एक मोटारवाले आले. मुलाची वरात होती. बैलगाडीचा टायर व्याह्यांना दिसला तर नाक कापलं जाईल म्हणाले. हे जाऊन चार महिने झाले होते, हर्षवर्धनचं कॉलेजचं शेवटचं वर्ष बाकी होतं. हे कारण होत नाही, पण तेव्हा मला झालं. चारही टायरांवरची अक्षरं मी ग्राइंडरने घासून काढली. मालकाला तीसचं सांगितलं. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं नाही. त्याला वाचायलाही काही राहिलं नव्हतं. वरात आटोपल्यावर मोटार लवकर आण म्हणून मालकांचा त्याला फोन आला, रिंग रोडवर सत्तरला टायर फुटला. ड्रायव्हरचा उजवा पाय कायमचा आखडला. तो अप्पाराव. मालक म्हणाले, पिऊन चालवत होता. पोलिसांनी मला विचारलं, टायर कसा होता. मी म्हटलं, चांगला होता.

त्याला कोणी गाडीवर ठेवेना, तेव्हा वर्षाने मी दुकानात घेतला. सगळ्यांनी मला मोठ्या मनाची म्हटलं. मी ऐकून घेतलं.

कलम ६. हे मी मेल्यावर कळावं असा बेत होता. साक्षीला अप्पारावलाच बोलावला. वकील मंदारराव म्हणाले, ज्याला मिळणार त्याची साक्ष घेऊ नये. अप्पारावने विचारलं, मला काय मिळणार, आणि का. मग मी त्याला पाचवं कलम वाचून दाखवलं.

त्याने हातातला पंप खाली ठेवला. मग म्हणाला, “अम्मा, तुम मरे बाद ये कागद पढ़े तो मेरेकू क्या फायदा? घरवाली ग्यारा साल से रोज शाम को मेरा मुँह सूंघती. दुकान नक्को. आज चलके उसकू बोलो.”

मी म्हटलं, सोमवारनंतर बघू. तो म्हणाला, आज. आम्ही रिक्षाने अंबरपेठला गेलो. त्याची बायको सावित्रम्मा शेंगा सोलत होती. माझं तेलुगू बाजारापुरतं आहे, तेवढ्यात सगळं सांगितलं. तिने मला बस म्हटलं नाही. नवऱ्याला विचारलं, हे तू मला सांगितलं होतंस? तो म्हणाला, प्यायलो नव्हतो एवढं सांगितलं होतं. किती वेळा? तो म्हणाला, पहिलं वर्षभर, मग थांबलो.

ती शेंगा तशाच टाकून उठली आणि आत गेली. परत आली ती माझ्यापुढे उभी राहिली.

“दुकान झालं पायाचं. अकरा वर्षं मी याचं तोंड हुंगलं, त्याचं कागदात काय लिहिलंय?”

मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग लिहा.

कलम ७. मी दोन दिवस बसले. काही सुचलं नाही, म्हणून जागा सोडली होती. मंदारराव म्हणाले, मृत्युपत्रात कोरी जागा ठेवता येत नाही, कोणीही काहीही भरेल, आडवी रेघ मारा. खाली रेघ मारली आहे. ती माझीच आहे.

————————————

वरचं सगळं मी लिहिलं, परत वाचलं आणि शुद्धीत सही केली.

सही: तारामती गोविंदराव बिरादार

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार:
१. अनुराधा किशनराव उजळंबे, बरकतपुरा
२. अविनाश दत्तोपंत पाटणे, अफझलगंज

हैदराबाद, मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५