अप्पांना अर्धंच सांगितलं

२ नोव्हेंबर, रविवार

धारवाडहून चिगरी बसने घरी. आईच्या डोळ्याखाली काळंनिळं. कपाटाचं दार लागलं म्हणाली. आमच्या कपाटाचं दार तिच्या डोळ्यापर्यंत कसं पोचेल, कोण जाणे.

भांडी विसळायला मोरीवर गेले तर शेजारच्या ताराक्काने गाठलं. "नोड तंगी, बघ गं पोरी, तू शिकलेली म्हणून सांगते. हे काही पहिल्यांदा नाही." भिंतीला भिंत लागून घर तिचं. अप्पांचं ओरडणं ऐकू येतं, शिव्या येतात, मग आई कळवळते. गल्लीत सगळ्यांना ठाऊक. मलाच नाही.

अप्पा पुढे दुकानात मशीनवर. सरळ विचारलं. मान वर केली नाही, पाय थांबवले नाहीत. "लागलं माझ्या हातून." बास, एवढंच. बायकांचे ब्लाउज शिवण्यात आयुष्य गेलेला माणूस, अख्ख्या कमरीपेठेतल्या लेकीसुना बिनधास्त माप देतात त्याच्याकडे. आणि घरी हे! मी म्हणाले, "तुला लाज नाही वाटत?"

अप्पांना 'तू' आजवर कधी म्हटलं नव्हतं. मी न जेवता निघाले.

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमा. आई विहारात गेली नाही. पांढरी साडी घडी करून ठेवलेली, तशीच आहे म्हणाली. डोळा उतरला की जाईन. आणि अप्पांशी एकदा बोल. मी फोन ठेवला.

आज विद्यार्थ्यांना शिकवायची पाळी माझी. विषय आवडीचा, झोपेत हातपाय झाडणारे रुग्ण. स्वप्न पडतं तेव्हा आपलं अंग लुळं असतं, म्हणून स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच असतो. ह्या लोकांचं अंग लुळं पडत नाही. शेवटी ठासून सांगितलं, रुग्णाला विचारून काही हाती लागणार नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. आमच्या विभागाच्या मॅडम मागे उभ्या राहून ऐकत होत्या. मान डोलावली. छातीच्या आजारांचं एम.डी. झाल्यावर ही झोपेची फेलोशिप कशाला घेतली असं सगळे विचारतात, आज वाटलं बरोबरच केलं. हुशार आहे मी, असंही वाटलं थोडं.

९ नोव्हेंबर, रविवार

घरी गेले नाही. ड्यूटी आहे म्हणून सांगितलं. नव्हती.

आई म्हणते अप्पा आता दुकानात झोपतात, कापायच्या टेबलावर. तू बोललीस तेव्हापासून. मी म्हटलं, बरं झालं.

एप्रन धुवून वाळत घातला. अप्पांनीच शिवलेला, टॉर्चला वेगळा खिसा ठेवून. दुसरा विकत आणावा का... जाऊ दे.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरी गेले. आईसाठी.

लग्नसराई तोंडावर आणि दुकानात शुकशुकाट. ताराक्काने मुलीच्या लग्नाचे ब्लाउजपीस परत नेले. तिच्यामागून आणखी बायका आल्या, कुणी म्हणालं घाई आहे, कुणी काहीच म्हणालं नाही. अप्पांनी एकेकीचा कपडा पिशवीत घालून दिला. दाराशी जाऊन दिला.

दुपारी आई स्वयंपाकघरातून पळत पुढे गेली. इस्त्रीखाली रेशमी ब्लाउज करपत होता, घरभर वास. अप्पा इस्त्रीच्या शेजारीच उभे, बटणं निवडत. मी म्हणाले, लक्ष कुठे असतं? म्हणाले, "चुकलं." माझ्याशी हल्ली एवढंच बोलतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी लॅबमध्ये कालच्या रुग्णाची नोंद वाचत होते. आईचा फोन. अप्पा टेबलावरून पडले, भुवई फाटली, टाके घातले, आता ठीक आहेत, तू काळजी करू नकोस. पडले कसे? "झोपेतच की. कुत्रं अंगावर आलं म्हणे स्वप्नात, त्याला लाथ घालायला गेले."

कुत्रं.

मी विचारलं, आई, तुला लागतं तेव्हा अप्पा जागे असतात? ती चक्क हसली. जागेपणी हे कुणावर हात उचलतील का गं?

कधीपासून? झाली काही वर्षं. आधी नुसते बडबडायचे. मग ती त्यांचा हात पदराला बांधून झोपायला लागली. मला का नाही सांगितलंस? "तुला कशाला? तू घोरण्याची डॉक्टर ना." आणि बाहेर सांगितलं असतं तर लोकांनी ह्यांना वेड लागलं म्हटलं असतं. त्यापेक्षा मारतात म्हटलेलं परवडलं. मारणारे नवरे काय, घरोघरी असतात.

शेजारी झोपणाऱ्याला विचारा. माझंच वाक्य. मी ताराक्काला विचारलं, म्हणजे तिनेच सांगितलं आणि मी ऐकलं. आईला कपाटाच्या दारापुढे काही विचारलंच नाही. आणि त्या माणसाला टेबलावर झोपायला मीच धाडलं. डोंबलाची डॉक्टर.

२३ नोव्हेंबर, रविवार

अप्पांच्या पाया पडले. ते गडबडले. सगळं समजावून सांगितलं, तपासणीला चला म्हटलं. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही का नाही सांगितलंत की झोपेत झालं?

सुईत दोरा ओवला. मग म्हणाले, "झोपेत झालं तरी हात माझाच ना. मला वाटलं, मनात काहीतरी वाईट असणार माझ्या. त्याशिवाय कसा उठेल?"

एवढे दिवस हा माणूस स्वतःला तपासत बसला होता, आपण आतून कसे आहोत म्हणून. आणि मी वरून 'तू' म्हणून आले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काल तपासणी झाली. मी खोलीत गेले नाही, टेक्निशियन विनायकने तारा लावल्या. अप्पांनी त्याला शर्टाची बाही आखूड शिवलीय म्हणून सांगितलं म्हणे.

आज मॅडमबरोबर नोंद पाहिली. शंका घ्यायला जागाच नाही. स्वप्नाच्या वेळी हनुवटीच्या तारेची रेघ सपाट हवी, अप्पांची सारखी उसळते.

मग मॅडमनी विचारलं, वास कसा येतो त्यांना? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि इस्त्री आठवली. शेजारी उभे होते. आई आतून धावत आली आणि ते बटणं निवडत होते.

पुढचं मला पाठ आहे, मीच शिकवते. हा आजार असणाऱ्यांपैकी पुष्कळांना पुढे कंपवात होतो. कधी, ते सांगता येत नाही, वर्षानुवर्षं काही होतही नाही. वास गेलेला असेल तर काळजी जास्त. शिंप्याचे हात.

मॅडमचा नियम आहे: आधी विचारायचं, पुढचं किती ऐकायचंय. नको म्हणाले तर नाही सांगायचं, पण न विचारता सोडायचं नाही. म्हणाल्या, तू मुलगी आहेस, तू राहू दे, मी बोलते. मी म्हटलं, नको, मीच बोलते. मोठी आली बोलणारी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं. अप्पा, हा आजार आहे, मेंदूतलं एक बटण वेळेवर बंद होत नाही, गोळीने बराच कमी होईल. तुमच्या मनात काही वाईट नाही.

"नाही ना?" दोनदा विचारलं. मग रडले. अप्पांना रडताना मी पाहिलं नव्हतं. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

मॅडमचा प्रश्न मी विचारला नाही. त्या चेहऱ्यापुढे कसा विचारणार? पुढच्या वेळी.

३० नोव्हेंबर, रविवार

अप्पांनी अख्ख्या गल्लीला सांगितलंय. दुकानात येईल त्याला आजाराचं नाव इंग्रजीत म्हणून दाखवतात. ताराक्का आली, मला म्हणाली तूच समजावून सांग. सांगितलं. ती आईचा हात धरून रडली आणि संध्याकाळी ब्लाउजपीस घेऊन परत आली. आई सकाळी पांढऱ्या साडीत विहारात जाऊन आली. गोळी लागू पडतेय, पलंगाच्या कडेला उशा लावल्यात, खाली गादी टाकलीय.

सगळं चांगलं चाललंय. अप्पा कापड कापतात, मी हात बघते. चालायला लागले की डावा हात बघते. कमी हलतो का? की मलाच तसं दिसतंय? परवा मॅडमनी विचारलं, बोललीस का? हो म्हटलं. हे आणखी एक खोटं.

जेवताना अप्पा म्हणाले, दाजीबानपेठेत एक गाळा आहे, रस्त्यावरचा. दुसरं मशीन टाकायचं, एक बाई कामाला ठेवायची. बायकोला मारतो असं नाव होतं तोवर धीर झाला नाही, आता करतो म्हणाले. आई हसत होती. मी ताटात बघत होते. आता नाही सांगितलं तर हा माणूस म्हातारपण त्या गाळ्याला बांधून घेईल. आणि सांगितलं तर... आठवडाभरसुद्धा सुख बघवलं नाही का मला.

४ डिसेंबर, गुरुवार

ओपीडीत आज असाच एक रुग्ण होता. त्याला मी किती सहज विचारलं, "पुढचं किती ऐकायचंय?" खुर्ची जवळ ओढून, आवाज हळू करून. तो म्हणाला सगळं सांगा. सांगितलं. मॅडम नंतर म्हणाल्या, छान हाताळलंस.

७ डिसेंबर, रविवार

फेलोशिप संपत आली, नवा एप्रन शिवतो, अप्पा म्हणाले. माप घ्यायला उभी केली. मागे उभे राहून खांद्याला टेप लावली आणि तशीच धरून ठेवली.

"तू माझा हात बघतेस हल्ली," म्हणाले. "कापताना. लहानपणीही एवढं लक्ष दिलं नव्हतंस."

मी पुढे भिंतीकडे बघत होते. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच जमलं असेल. म्हटलं, अप्पा, तुम्हाला पुढचं किती ऐकायचंय?

टेप हलली नाही. आत आई कुकर लावत होती. मग त्यांनी खांदा मापला, पाठ मापली, हात वर कर म्हणाले.

"मंगळवारी दुपारी गाळेवाल्याला शब्द द्यायचाय. सकाळी ये. ताराक्काचे ब्लाउज तोवर देऊन टाकतो. आईला आत्ताच काही बोलू नकोस."

येते म्हटलं. त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि मशीनवर बसले. मी बसमध्ये रडले, शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

८ डिसेंबर, सोमवार

मॅडमना खरं सांगितलं, की मी बोलले नव्हते. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्याची रजा मिळाली.

संध्याकाळी आईचा फोन. ब्लाउज सगळे दिले, ताराक्का खूश आहे. "उद्या आहे तरी काय गं? ह्यांनी पांढरा शर्ट काढून ठेवायला सांगितलाय. सकाळी दाढी करायचीय म्हणतात. गाळा बघायला एवढं कशाला नटायचं?"

मी म्हटलं, काही नाही. मी येतेय म्हणून असेल.