चेहऱ्यापुरता हात

पंतोजी, तुम्ही गेलात त्याला तीसेक वर्षं झाली, आणि माझा तुमच्यावरचा संशय अजून गेलेला नाही. तुम्ही होतात तेव्हा विचारलं नाही असंही नाही. विचारलं होतं, उत्तरही मिळालं होतं. तरी आज लिहायला बसले आहे.

तुम्ही मेलकावेरी गावात आमच्या दारात आलात तो दिवस. मी नऊ वर्षांची, पाय लहानपणच्या तापात वाळलेले, उंबऱ्याशी बसून पिठाच्या रांगोळीचं कोलम काढते आहे. समोर एक माणूस येऊन थांबतो. दोन्ही हात कोपरापासून नाहीत, खांद्यावर उपरणं. "कां गे, ही रेघ कोणी शिकविली तुज?" मी म्हणते, कोणी नाही. तुम्ही आत जाऊन वडिलांशी बोलता, आणि दुसऱ्या दिवशी ते मला पाठुंगळी घेऊन तुमच्या पडवीत आणून सोडतात. पोरीचं नशीब उघडलं म्हणून आई रडली. मला मात्र आठवड्यातच कळलं की तुमच्या चित्रांतले देव रंगवणारा तुमचा भाचा नुकताच मद्रासेला छापखान्यात लागला होता. तुम्ही कुंचला पायाच्या बोटांत धरायचात. मखर, खांब, पडदे, राघू सगळं पायाने, आणि असं की दोन हातांच्या माणसाने तोंडात बोट घालावं. पण देवाला पाय लावायचा नाही. तेव्हा देवापुरता हात हवा होता, आणि माझे हात धड होते.

हे एकदा मनात बसल्यावर मला तुमचं काहीच सरळ दिसेना. तुम्ही सुताराकडून मला चाकांची बैठी फळी करवून दिलीत. सगळे म्हणाले, केवढी माया. मी मनात म्हटलं, एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापाशी लवकर जावं म्हणून. पडवीत आणखी एक मुलगा होता, त्याचे हात सारखे कापायचे. त्याच्याकडून विकण्याजोगी एक रेघ कधी उतरली नाही, तरी तुम्ही वर्षानुवर्षं पायाने त्याचा कागद दाबून धरत होतात. तेही लोकांना दाखवण्यापुरतंच, असं मी ठरवून टाकलं. कारण तुम्हाला दाखवणं चांगलं जमायचं. जिल्ह्याचा गोरा साहेब मडमेला घेऊन आला तेव्हा तुम्ही पायाने राघू काढलात. मडमेने टाळ्या वाजवल्या. ती गेल्यावर तुम्ही पाय पुसत म्हणालात, "त्यांस पाय पाहायाचा होता, राघू नव्हे." आम्ही हसलो, आणि मी पुन्हा विचारात पडले, की मग मला तुम्ही काय दाखवता?

पुढे गोविंदपुरमच्या भजनी मंडळींनी विठ्ठल-रखुमाईचं चित्र करायला सांगितलं. मी पंधरा वर्षांची होते. फणसाच्या फळीवर कापड, चिंचोक्याच्या खळीचा लेप, सोन्याचा वर्ख, काचेचे खडे, सारं होऊन विठ्ठलाचा चेहरा उरला होता. तुम्ही मागून पाहिलंत. "डोळे मोठे जाले. खरवड." मी खरवडले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी कुंचला पाण्यात फेकला.

"मी तुम्हांस नकोच होतें. माझा हात हवा होता."

तुम्ही चिडला नाहीत. "होय," म्हणालात, "हातासाठींच आणिलें तुज." मग पाण्यातला कुंचला पायाने काढून माझ्यापुढे ठेवत, "सरि, बरें. आजपासून देव नको. मोर काढ."

दुसऱ्या दिवसापासून तो बिनचेहऱ्याचा विठ्ठल भिंतीकडे तोंड करून उभा. भजनी मंडळी दोनदा आली, हात हलवत परत गेली, मग त्यांनी दुसरीकडे काम दिलं. हळूहळू बाकीचेही येईनासे झाले. तुम्ही मात्र रोज मला मोराची मान शिकवत होतात, सावली कशी उतरवायची ते शिकवत होतात, चुकलं की तसंच खरवडायला लावत होतात. मी वाट पाहत होते, आज देवासाठी हात मागतील, उद्या मागतील. हट्टाने पाहत होते. ही पण एक युक्ती असेल असं मला वाटायचं. आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, तुम्हाला ताप आला आणि पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. हात मागितला नाहीत.

तुमच्या तेराव्यानंतर मी त्या विठ्ठलाचा चेहरा केला. डोळे मोठे झाले. कोणी काही म्हणालं नाही, म्हणून माझे मीच खरवडले, आणि तेव्हा पहिल्यांदा तुमच्यासाठी रडले.

आता त्याच पडवीत मी शिकवते. गेल्या वर्षी तिरुवलंचुळीहून आपल्याच मराठी घरांतली एक मुलगी आली, उजव्या हाताची बोटं जन्मापासून जुळलेली. त्या बोटांत कुंचला कसा बसवायचा हे शोधण्यात आमचे सहा महिने गेले. ती रंगवते, आणि तयार चित्रं घरोघर पोचवतेही, कारण मला चालता येत नाही. काल रंग घोटता घोटता तिने विचारलं, "अक्का, चित्रें पोंचवायास पाय हवे म्हणून मज ठेविलें काय?"

तिच्या आईने तिला आणलं तेव्हा मी आधी तिचे पायच पाहिले होते. आज ती एक दिवस आली नाही तर मला घास उतरत नाही. दोन्ही खरं आहे, पण दुसरं सांगायचं तर आधी पहिलं कबूल करावं लागलं असतं. मी म्हणाले, "नाहीं गे, वेडी कीं काय."

तिने मान खाली घातली आणि पुन्हा रंग घोटू लागली. तिचा विश्वास बसला नव्हता, हे मला लगेच ओळखता आलं. हा कागद कोणाला द्यायचा नाही, म्हणून लिहिते: पंतोजी, मला होय म्हणायचा धीर झाला नाही.