पट्ट्याला एरंडेल

३ फेब्रुवारी, मंगळवार
गाडी आज पौडाच्या अलीकडं बंद पडली. गाडी चालवती माझी सून सुरेखा. माले गावापासनं वाटंवरच्या सात बायका भरती आन घोटावड्याच्या कंपनीत सोडती, सकाळची पाळी. (वहीत तिला नुसतं सु. लिहिणार. सुरेखा लिहाय लई वेळ जातो, मी दुसरी पास.) पहाटंचा अंधार. दिवे आधी पिवळे झाले, मग काजव्यावाणी, मग कायच न्हाई. बायकांनी उतरून धक्का मारला. एकीची चप्पल तुटली. पोचाय अर्धा तास उशीर.

सुपरवायझर सायब म्हणला, "ताई, सोमवारपासनं गाडी टायमात पायजे. न्हाईतर नांदे गावचा एकजण नवी गाडी घेऊन तयारच हाय."

सु. घरी आली. भांडी घासत बसली. घासलेलीच.

४ फेब्रु., बुध.
बायका आज टमटमनं गेल्या, कुरकुरत.

नात तेजू आयटीआयला मोटारीचं शिकती. ही वही बी तिचीच, मागची पानं कोरी व्हती ती मला दिली. तिनं आकड्याचं यंत्र आणून बॅटरीला लावलं. म्हणली, गाडी चालू असताना चौदा दाखवाय पायजे, हितं बारा. म्हंजी बॅटरी धडधाकट, तिला भरणारा डायनामा मेला. ती आल्टरनेटर म्हणती. मी डायनामाच म्हणणार, सायकलीला व्हता तवापासनं त्योच शबुद हाय.

गॅरेजवाला पुढच्या मंगळवारपतुर येत न्हाई, त्याच्या मेव्हणीचं लगीन.

तेजू : मम्मे, मी बसवते.
सु. : आजपतुर किती बसवलेस?
तेजू : दोन. एक काढला, एक बसवला.
सु. : म्हंजी एकच की गं!

मला हसू आवरंना. सु. नं माझ्याकडं असं बघितलं की मी शेरडं बघाय भाईर गेले. पांढरीला आज दूध कमी, पाला बदलला म्हणून असंल.

५ फेब्रु., गुरु.
डायनामा काढला! आमच्या अंगणात, आंब्याखाली. आंब्याला मोहर चांगला हाय औंदा, तेजूच्या डोक्यात सगळा पडत व्हता.

आधी बॅटरीची एक वायर सोडली, न्हाईतर ठिणगी उडती म्हणे. मग मोबाईलवर पट्ट्यांचं फोटू काढलं. मला वाटलं हौस, तर न्हाई, परत कुटनं कुटं घालायचं ते ध्यानात ऱ्हावं म्हणून. पट्टे दोन. आतला पंख्याला आन डायनाम्याला फिरवतो, भाईरचा गार हवेच्या यंत्राला. बोल्ट ढिला केला, डायनामा आत ढकलला, पट्टा सैल पडला, आला हातात.

पट्टा बघून मला काय झालं सांगू. ह्यांची पिठाची गिरणी व्हती, डिझेल इंजनवर. चामड्याचा पट्टा, वीतभर रुंद. ह्यांना दमा, पीठ सोसायचं न्हाई, मग दळायची मीच. पट्टा चढवायला गडी भ्यायचे. मी पदर खोचून काठीनं चढवायची, चालत्या इंजनावर. येक डाव पदर ग्येला त्यात, माझं नशीब लुगडं जुनं व्हतं, फाटलं. गिरणी ग्येली, ते ग्येले, पण पट्टा म्हंजी काय ते मला कुनी शिकवाय नको.

मी म्हणले तसं तेजूला. ती म्हणली, "आज्जे, तू तर माझी सिनियर हायेस." सिनियर म्हंजी मोठी म्हणे. लई बरं वाटलं. शेजारणीला बी सांगितलं.

६ फेब्रु.
तेजू जुना डायनामा पिशवीत घालून पिरंगुटाला ग्येली, नग जुळवून आणाय. नवा आणला, दोन नवे पट्टे बी आणले. जुन्यांना भेगा व्हत्या. जुने मी खुंटीला अडकवले. टाकायचं काय म्हणून?

सु. चा सायबाला फोन, "सोमवारी नक्की." फोन ठेवल्यावर देवाला हात जोडले. माझ्या देखत कधी जोडत न्हाई ती.

नवे पट्टे हातात घिऊन बघितले. कोरडे ठणठणीत.

७ फेब्रु., शनि. दुपार
मायलेकी भाकरी खाया बसल्या तवा माझं काम उरकलं. पट्टे बाजंवर पडलेले. कोरडा पट्टा घालू नये, तडकतो, घसरतो. गिरणीत आमी दर पंधरा दिसांनी एरंडेल चोळायचो, पट्टा कसा मऊ आन चाकाला घट्ट धरायचा. तेजूला शाळंत ह्ये शिकवलं नसणार. दोन्ही पट्ट्यांना आतनं भाईरनं चोळलं, जिरू दिलं, फडक्यानं पुसलं. सांगितलं न्हाई. पोरीचा मान ऱ्हावा, तिचंच काम हाय. आपलं पाठीमागनं.

मग बसवायला लागल्या. भाईरचा पट्टा आधी घातला, मग कळलं आतला ऱ्हायला! परत काढला. सु. म्हणली, "फोटू कशाला काढलेवतेस, लग्नात दाखवाय?" तेजू लाल. शेवटी डायनामा पहारीनं भाईर दाबून धरला, पट्टा ताणला, बोल्ट आवळला. मला बोलावलं, "आज्जे, बघ गं ताण." अंगठ्यानं दाबलं, बोटभर खाली गेला. म्हणले, झ्याक.

आता चालू करत्यात. जाते.

त्याच दिशी, दिवेलागणीला
पट्टा किंचाळतोय. डुकराला धरल्यागत. गाडीतला बॅटरीचा लाल दिवा जातो, येतो. यंत्रावर बारा, मधीच तेरा, परत बारा.

तेजूनं तीन येळा ताण वाढवला. तसंच. तिला वाटतंय डायनामा वाकडा बसलाय. सगळं परत खोललं, परत बसवलं. हाताची साल निघाली. सु. गोठ्याच्या दगडावर बसून म्हणली, "ऱ्हाऊ दे. मंगळवारी गॅरेजवाला बघंल." मंगळवारी काय करायचं, सोमवारी नांद्याची गाडी लागंल की.

पोर रडली न्हाई, पण जेवली बी न्हाई.

माझ्या हाताला अजून वास येतोय. राखेनं धुतले दोनदा.

८ फेब्रु., रवि.
सांगितलं.

सकाळी तेजू पट्टा हातात धरून बसलेली, बोट फिरवती, बोटाचा वास घेती, परत फिरवती. म्हणली, "ह्याला तेल कुटनं लागलं? इंजनचं तेल तर हितं येत न्हाई." मी चुलीपुढं. चहा उतू गेला. म्हणले, "इंजनचं न्हाई. माझं हाय. एरंडेल."

 मग तेजूनं विचारलं, "आज्जे, किती चोळलंस?" म्हणले, अर्धी वाटी. ती जी हसाय लागली, बाजंवर पडून. म्हणली, "अगं चामडं न्हाई ते, रबर हाय! रबराला तेल म्हंजी सायकलच्या ब्रेकाला तूप!" मी बी हसले. काय करणार.

सु. हसली न्हाई. म्हणली, "आत्याबाई, पोरगी रातभर सोताला बोल लावत बसली." एवढंच. त्ये लागलं मला. माझ्या तेलाचं मला काल सांजंलाच कळाय पायजे व्हतं. खरं म्हंजी कळलं व्हतं. वासानंच. जीभ उचलली न्हाई, सिनियर ना मी.

मग तिघी लागलो. साबणाचं पाणी, फडकी, चाकं पुसली, पट्टे घासले. तरी घसरतोय, रबरात मुरलंय. रविवार, पिरंगुटाचं दुकान बंद. तेजूनं खुंटीवरचा जुना आतला पट्टा काढला, उन्हात वाकवून भेगा बघितल्या. म्हणली, आठ दिस काढंल, जपून. भाईरचा घातलाच न्हाई. गार हवा ह्या दिसांत कुनाला पायजे?

जुना पट्टा चढवला. गाडी चालू केली. किंचाळी न्हाई. यंत्रावर चौदाला एक ठिपका कमी. तेजूनं मला ते वाचाय लावलं, मी मोठ्यानं वाचलं. दिवे लावले तर भिंतीवर दुपारी बी उजेड दिसला.

सु. नं तेजूच्या डोक्यातला मोहर झटकला. कवापासनं तिथंच व्हता.

९ फेब्रु., सोम.
पहाटं पाचला ग्येली. टायमात पोचली. तर कंपनीच्या दारात नांद्याची गाडी उभी! नवी, काचंला अजून पलाष्टिक. सायब म्हणला, "मला वाटलं तुमी येत न्हाई."

परत यायला दोन्ही गाड्या. पाच बायका सु. च्या गाडीत बसल्या. दोघी नव्या गाडीत. त्या दोघींत चप्पल तुटलेली हाय. तिला मी दोष देत न्हाई.

सायबानं सु. ला विचारलं, काम कुटं केलं. ही म्हणली, घरी, लेकीनं. सायब म्हणला, "घरी केलेलं चालत न्हाई ताई. बायका नेताय. मेकॅनिकचं लिहून आणा."

सु. घरी यिऊन तापली. "कसलं घरी केलेलं? घरचं जेवण चालतं त्यांना, दर संक्रांतीला पोळ्या न्येते मी!" त्याचा हितं काय संबंध, पण मी मान हलवली. सध्या मी सगळ्याला मान हलवते.

तेजूनं वहीचं पान फाडलं. ह्याच वहीचं, मागचं. लिहिलं : आल्टरनेटर बदलला. बॅटरीवर १३.९ मोजलं. आतला पट्टा तात्पुरता जुना, नवा या आठवड्यात घालणार. एसीचा पट्टा काढून ठेवला आहे. खाली नाव, पुढं आयटीआय, दुसरं वर्ष.

सु. म्हणली, जुना पट्टा लिहू नगं. तेजू म्हणली, "खरं हाय ते लिहिते." 

मी विचारलं, एरंडेलाचं?

"ते गॅरेजवाले लिहित न्हाईत, आज्जे."

१० फेब्रु., मंगळ.
नांद्याची गाडी आज बी आली व्हती. सु. च्या गाडीत आज सहा.

कागद सायबानं घेतला. घडी उलगडली न्हाई म्हणे, तशीच शर्टाच्या खिशात घातली. म्हणला, शनिवारी सांगतो कुनाची गाडी ठेवायची ते. सु. नं विचारलं, वाचणार ना? तवर त्याला फोन आला.

तेजू सांजंला पट्टा आणाय पिरंगुटाला ग्येलीय. मला बजावून ग्येली, आणल्यावर हात लावायचा न्हाई. मी म्हणले, वास तर घेऊ? न्हाई म्हणली.