डेलमरचा काटा

१२ सप्टेंबर १९९४
ग्रीनकासल, इंडियाना

प्रिय रॉबर्टा,

तू बरी असशील. आम्ही सगळे ठीक आहोत. आर्डिथ काकूचा गुडघा दुखतो, पण चर्चच्या जेवणाला पीचचे चार केक भाजायचे म्हटले की तोच गुडघा बरा होतो. यंदा मका चांगला आलाय. वेन्डेल, तुझे बाबा, चौऱ्याहत्तरचे झाले. ऐकायला कमी येतं असं म्हणतात, पण त्यांच्याविषयी कुणी कुजबुजलं तर बरोबर ऐकू जातं.

टूसॉनला अजून उकाडा असेल ना? तुझा पत्ता तुझ्या मावसबहिणीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस, मी फार गळ घातली.

वेन्डेलने ती लाल कॉर्व्हेट गाडी पुन्हा बाहेर काढलीय. बासष्ट सालची, तीच. अकरा वर्षं कोठारात ताडपत्रीखाली पडली होती. दुसरं इंजिन आणून बसवलं, आणि मागच्या सोमवारी ऑइल प्रेशरचा, इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारा काटा काढून माझ्या शेडमध्ये घेऊन आला. "डेल, नुसता पुसून तपासून दे. तबकडीला रंग लावलास तर हात तोडीन. मूळची आहे." तू हसशील. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातले परीक्षक भिंग घेऊन तबकडी बघतात, नवा रंग दिसला की गुण कापतात. आणि वेन्डेलला बायबलच्या खालोखाल विश्वास त्या मूळ काट्यावर.

गेला आठवडाभर तो काटा माझ्या टेबलावर होता. मी दुसऱ्या सगळ्या गाड्यांची कामं केली. त्याला हात लावला नाही. आर्डिथ म्हणाली, "भावाचंच काम मागे टाकता?" मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या नाकावर होता.

बर्टी, आता सांगतो. उशीर झालाय हे मला ठाऊक आहे.

त्र्याऐंशीच्या वसंतात ते इंजिन मी उघडून जोडलं, तुला आठवत असेल. योग्य मापाची बेअरिंग आलीच नव्हती. प्रदर्शन शनिवारी, आणि गाड्यांच्या क्लबमध्ये मी सगळ्यांसमोर गाडी तयार होईल म्हणून छाती ठोकून बसलेलो. जुनीच झिजलेली बेअरिंग परत घातली. म्हटलं, पानगळीत उघडू, कोणाला कळतंय. झिजल्या बेअरिंगमुळे तेलाचा दाब टिकेना, इंजिन तापल्यावर काटा दहावर, धोक्याच्या आकड्यावर उतरला. आमच्यात काटा खाली गेला की सगळे एकच म्हणतात, "जुना काटा खोटं बोलतो." मीही तसंच म्हणणार होतो. पण शेडमधला तपासणीचा काटा लावून पाहिला, तोही दहाच दाखवत होता. जुना काटा खरं बोलत होता.

मग मी काच काढली. आतल्या वाकड्या पितळी नळीपासून काट्यापर्यंत एक बारीक दुवा असतो, तो केसभर सरकवला. गाडी बंद असली की काटा शून्यावर, अगदी निष्पाप. पण दहाचे वीस दिसायचे आणि विसाचे चाळीस. तबकडी तशीच राहिली, परीक्षकांनी पूर्ण गुण दिले. वेन्डेल मला म्हणाला, "तुझ्यासारखा हात इंडियानात नाही."

परतताना त्याने पहिल्यांदा तुझ्या हातात किल्ली दिली. "काट्यावर डोळा ठेव, पोरी," असं तीनदा बजावलं. आणि महामार्गावर इंजिन आवळलं, पार जाम झालं.

तू म्हणालीस, "बाबा, मी सारखी बघत होते. चाळीसवर होता." वेन्डेल माझ्याकडे वळला. "डेल, काटा बरोबर आहे ना?"

मागून आपापल्या गाड्यांतून आलेला सगळा क्लब उभा होता. मी म्हणालो, "काटा ठीक आहे."

तीन शब्द. काटा ठीक, म्हणजे तूच बघितला नाहीस, असं धरून त्याने सगळ्यांदेखत तुला खोटारडी म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलंस, ते मला अजून दिसतं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मी. मग तू घर सोडून गेलीस, आणि दर नाताळात मी मनाशी म्हणायचो, पुढच्या वर्षी सांगू.

या आठवड्यात तो दुवा परत जागेवर सरकवला असता तर पुरावाही उरला नसता. दहा मिनिटांचं काम. दोनदा पेचकस हातात घेतला. खोटं कशाला बोलू, तिसऱ्यांदाही घेतला असता. पण काल काटा तसाच ठेवून, तो आणि दाब मोजायचा छोटा हातपंप घेऊन वेन्डेलकडे गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं आणि म्हटलं, तूच मार पंप.

पंपावर वीस, त्याच्या काट्यावर चाळीस. त्याने पुन्हा मारला. पाचसहा वेळा मारला असेल. मग म्हणाला, "ती चाळीसच म्हणाली होती."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने खिडकीबाहेर बघतच विचारलं, "अकरा वर्षं रोज माझ्या ताटाला ताट लावून जेवत होतास?"

मी निघताना दारात म्हणाला, "तिला लिही. तुझं जे आहे ते लिही. माझ्या वतीने माफी मागू नकोस. ती मी माझ्या तोंडाने मागीन." विमानात तो बसत नाही, तुला माहीत आहे. शुक्रवारी बसने निघतोय. दोन दिवसांचा प्रवास आहे, आणि डॉक्टरांनी नको म्हटलंय. मी सोबत येतो म्हटलं तर म्हणाला, "तू नको."

रविवारी दुपारपर्यंत तो तुझ्या दाराशी असेल. दार उघडायचं की नाही हे तू ठरव, त्याने ते मान्य केलंय. माझ्यासाठी काही मागत नाही. फक्त एवढं लक्षात ठेव, त्या दिवशी तिथे खरं बोलणारी तू एकटीच होतीस.

खाली 'तुझा काका' लिहायला हात धजत नाही.

डेलमर