वळणावरची कुरकुर

अण्णा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षे झाली. वालीवच्या शेडमध्ये तुम्ही आयुष्यभर वेल्डिंग केलेत आणि मला मात्र कॉमर्सला घातलेत, हाताला चटके नकोत म्हणून. तरी सुट्टीच्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन यायचो आणि तिथेच रेंगाळायचो. एकदा आपल्या जुन्या गाडीसाठी मी एक काटेकोर आकृती काढून आणली होती: बॉनेटखाली, दोन्ही बाजूंच्या शॉकअब्सॉर्बरची वरची टोके जोडणारा आडवा लोखंडी पाइप, म्हणजे वळताना गाडीचा सांगाडा पिळणार नाही. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, कागद उजेडात धरलात. "माप चोख आहे रे," तुम्ही म्हणालात, "पण मी करणार नाही. गाडी वळणावर कुरकुरते, अंग सोडते, म्हणून तर माणूस ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. तिचं तोंड कशाला बांधतोस, बी. कॉम.?" शेडमधले सगळे हसले. मला तेवढे हसणेच ऐकू आले. तुमचे म्हणणे कानाआड गेले.

गेल्या वर्षी तुमच्या नातवाने एक जुनी गाडी घेतली. वळणावर ती फार सैल वाटते, अशी त्याची तक्रार होती. बोळिंजला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी जॅकवर न घेता, चारही चाके जमिनीवर ठेवून मी तशाच आडव्या पाइपसाठी तीन वेळा मापे घेतली. पाइप बसवायच्या पट्ट्यांना भोके मीच पाडली, पाइपला वेल्डिंगचे टाके मीच मारले, तुमच्या हाताखाली पाहिले होते तसे. अर्ध्या मिलिमीटरचीही चूक राहू दिली नाही. पहिली फेरी मारून आल्यावर तो म्हणाला, "बाबा, कसली वळते! स्पीड आहे हे कळतच नाही." त्या वाक्याने मी इतका सुखावलो की त्याचा अर्थ लागायला चार महिने लागले.

राजोडीच्या रस्त्यावर, एका वळणाला, गाडी सुरूच्या झाडावर आदळली. त्याचा मणका गेला. कमरेखाली आता काहीच जाणवत नाही. पोलिसांनी अतिवेग असे लिहिले, आणि वेग होताच. गाडी भंगारात जाण्यापूर्वी मी पाइप सोडवून घेतला. त्याबद्दल कोणी काही विचारले नाही. त्याची आई त्याला भरवताना अजून म्हणते, "किती वेळा सांगितलं होतं रे, हळू जा म्हणून!" तो भिंतीकडे तोंड फिरवतो. मी पाणी आणायला उठतो.

हे कागद तिच्या हाती लागू नयेत म्हणून मी ते जुन्या वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवणार आहे. काल त्याची कूस बदलताना त्याने माझे मनगट धरले. "बाबा, माझंच चुकलं ना?" आई घरात नव्हती, सांगायला कोणाची अडचण नव्हती. मी "हो" म्हणालो, अण्णा, आणि त्याच्या पाठीमागची उशी सारखी केली.