आंबेमळ्याचं इंटरनेट टोकाला सोडताना

जळोची,
बुधवार

आदरणीय श्रीपतीमामा,

तुम्हाला आणि मामींना प्रियदर्शनीचा सप्रेम जय भीम. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं हे ऐकून आनंद झाला. (तेव्हापासून तुम्हाला भाकरीवरचे डाग दिसायला लागलेत अशी मामींची तक्रार आहे, म्हणजे डोळा नक्कीच उत्तम असणार.) थेंब वेळेवर घालत जा. तुमचा मोबाइल कपाटात साड्यांखाली झोपलेला असतो, म्हणून हे पत्र. इकडे आई बरी आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणजे पंख्याखालची खुर्ची, असं तिनं गृहीत धरलं होतं. आता ती शेजारणींना सांगते, की आमची पोर कॉम्प्युटर शिकली आणि खांब मोजत हिंडते.

खांब मोजते हे खरं आहे. आमची संस्था तुम्हाला ठाऊक आहेच: जळोचीतल्या लोकांनी शेअर घेऊन उभी केलेली, इंटरनेट घरोघरी पोचवणारी. अगदी साखर कारखान्यासारखी सहकारी, फक्त धुराडं नाही. काचेची केसाएवढी तार आम्ही पहिल्यांदा जळोचीत फिरवली, मग तुम्ही पाटकरी म्हणून नोकरीभर ज्याचं पाणी वाटलंत त्या कालव्याच्या फाट्याच्या कडेनं आंबेमळ्यापर्यंत नेली. आता तोच फाटा जिथं संपतो त्या टोकवस्तीला, म्हणजे इंदापूर तालुक्यात, ती न्यायची होती. तिथं फोन लावायचा तर लोक डेअरीच्या गच्चीवर चढतात. मी तिथं सभा घेतली आणि यंदा तार येणार असा शब्द देऊन बसले. माझ्या शब्दावर तिथल्या नकोशीताईंनी आपली पुढची खोली रिकामी केली, रंग दिला, आणि वस्तीतल्या मुलींच्या ऑनलाइन अभ्यासवर्गासाठी सतरंज्या अंथरून ठेवल्या. त्यांचे मालक तेव्हापासून ओसरीत झोपतात. एवढं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तार ज्यांच्या बांधावरून जाणार त्या आंबेमळ्याला विचारायचं राहिलंच आहे.

आंबेमळ्यात शब्द चालतो दत्तोबा आबांचा. त्यांचा बांध फाट्याला लागून आहे, आणि ते म्हणाले, न्हाय. राग नव्हता, चहाही दिला. त्यांचं म्हणणं इतकंच, की फाट्याचं पाणी टोकाला सोडलं की वरच्यांचं कमी होतं हे त्यांनी जन्मभर पाहिलंय, आणि तारेतून येणारी वस्तूही कुठून तरी वरूनच येते. मी त्यांना मेणबत्ती लावून दाखवली. एका मेणबत्तीवर दुसरी पेटवली तर पहिलीचा उजेड कमी होतो का, असं विचारलं. आबा म्हणाले, की उजेड कमी होत न्हाय खरा, पण मेण सरतंय. मग त्यांनी सरळ विचारलं, की टोकाला जोडल्यावर आमच्याकडं अजिबात कमी होणार नाही ना? आणि मामा, मी खरं बोलले. सगळ्यांनी एकाच वेळी वापरलं तर थोडंसं कमी होतं, पण जाणवत नाही, असं म्हणाले. (आमचा तार जोडणारा अनुप शेजारीच बसला होता. त्यानं टेबलाखालून अशी लाथ मारली, की चप्पल तुटली. त्याचीच.) ते ‘थोडंसं’ माझ्याआधी गावात पोचलं. सोसायटीच्या ओट्यावर ते निम्मं झालं होतं, आणि मी एसटीच्या थांब्यावर गेले तोवर टोकवस्तीवाले सगळंच ओढून नेणार होते.

दुसऱ्या दिवसापासून आंबेमळ्यानं आपल्या वाट्याचं इंटरनेट राखायला सुरुवात केली. पाण्याची पाळी आली की रान भिजलेलं असलं तरी दारं धरून पाणी घ्यायचंच, नाहीतर हक्क जातो, हे तिथं लहान मुलालाही कळतं. तोच नियम त्यांनी लावला. माणसं शेतात गेली तरी घरात व्हिडिओ चालू. ठमाबाईंच्या बंद घरात कुलपाच्या आत दिवसभर कुणीतरी पनीरची भाजी शिकवत होतं. झुंबर अण्णांनी जुना मोबाइल गोठ्यात दावणीला बांधला आणि म्हशींना क्रिकेट लावून दिलं. (म्हशी दूध जास्त देतात असं ते म्हणतात. यावर मी काही बोलत नाही, मी विज्ञानाची पदवीधर आहे.) साहजिकच सगळ्या गावाचं इंटरनेट रांगायला लागलं. मग आबांनी मला बोलावून दाखवलं, की बघ, टोकवाल्यांनी ओढायला सुरुवात केली. टोकवस्तीला अजून तार गेलेलीच नाही हे मी हात जोडून सांगितलं. त्यावर ते म्हणाले, की तार न गेता एवढं ओढत्यात, तर गेल्यावर काय करतील.

मी हरले होते. टोकवस्तीला जाऊन माफी मागायची ठरवली, पण त्या रंगवलेल्या खोलीत पाऊल टाकायचा धीर होईना. तेवढ्यात सोनमचा फोन आला. सोनम म्हणजे आबांची शेंडेफळ, शनिवारी तिची हळद होती. तिची आत्या, आबांची सख्खी बहीण जयवंताकाकी, दिलीय टोकवस्तीला. आबांनी फाट्याला चोरून पाइप टाकून पाणी उपसलं, बहिणीचा ऊस उभा वाळला, तेव्हापासून काकींनी माहेरचा उंबरा शिवलेला नाही. हळदीचं आमंत्रणही त्यांनी परत पाठवलं होतं. सोनमचं म्हणणं, आत्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही, ती येत नसेल तर निदान समोर दिसली पाहिजे. मग ती स्वतः घरोघर फिरली आणि हळदीपुरते सगळे मोबाइल बंद ठेवा म्हणाली. नवरीला नाही कोण म्हणणार? म्हशींचं क्रिकेटसुद्धा बंद झालं. पाळी संपल्यामुळे फाटा कोरडा होता. अनुपनं त्यातूनच टोकवस्तीपर्यंत तात्पुरती तार अंथरली. आबांना दिसू नये म्हणून मी मागून तिच्यावर पाला टाकत गेले आणि वाटेत दोनदा खेकड्याच्या बिळात पाय घातला.

मांडवात मोठा टीव्ही लावला होता. आबांना वाटलं, फोटो दाखवणार. त्यांच्या गालाला हळद लागली आणि टीव्हीवर जयवंताकाकी आल्या, नकोशीताईंच्या त्या रंगवलेल्या खोलीत सतरंजीवर बसलेल्या, मागं सगळी वस्ती. चित्र इतकं स्वच्छ, की काकींच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत. वाजंत्रीवाले आपोआप थांबले.

“दत्तू,” काकी म्हणाल्या, “पाणी तर तू टोकाला कधी येऊ दिलं न्हाईस. आता भाचीची हळद बी मी पडद्यावर बघायची व्हय?”

आबा पिवळे गाल घेऊन उभे राहिले. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, “पोरी, ही वायर टोकाला गेली, तर ही रोज असं बोलंल का?”

अनुप माझ्याकडं डोळे वटारून बघत होता. पण मला दुसरं येतच नाही. मी म्हणाले, “हो आबा. रोज बोलतील.”

आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. हळद डोळ्यात गेली असं ते म्हणत होते. “मग जाऊ दे वायर,” म्हणाले. “लई वर्सं झाली तिच्या शिव्या खाऊन.”

आणि मामा, काकी तिथून उठल्याच. टोकवस्तीतल्या विकीच्या ट्रॅक्टरवर बसून आल्या, आणि सोनमला दुसऱ्यांदा हळद लागली. मी त्या गर्दीत नाचले. हे आईला सांगू नका.

तुमची भाची,
प्रियदर्शनी

ता. क. एक राहिलं. काल आंबेमळा आणि टोकवस्तीची एकत्र बैठक झाली. दोघांनीही तारेला मंजुरी दिली, पण एका अटीवर: संस्थेनं इंटरनेटला पाटकरी नेमावा. मी दीड तास समजावलं, की याला दारं नसतात, उघडायचं-मिटायचं काही नसतं. कुणी ऐकलं नाही. नाव आबांनीच सुचवलं, तुमचं: “श्रीपतराव कांबळ्याला आणा. माझा पाइप उपटून टाकला त्या माणसानं, कोंबडी खाल्ली न्हाय का पैका घेतला न्हाय.” जयवंताकाकींनी अनुमोदन दिलं. तेव्हा मामा, निवृत्तीनंतर आठवड्यातून एकदा फाट्यानं फेरी मारायची आणि आमच्या तारेच्या डब्यांकडं कडक नजरेनं बघायचं, एवढंच काम आहे. मी सभेत तुमच्या वतीनं हो म्हणून मोकळी झालेय.

ता. क. दुसरा. हे पत्र पोस्टानं पाठवलेलं नाही. दत्तोबा आबा स्वतः घेऊन आलेत आणि आत्ता तुमच्या दारात उभे असतील. रस्त्यात काय बोलायचं ते पाठ करत जातो म्हणाले होते, पण मला नाही वाटत जमेल. तुम्ही फक्त आत या म्हणा.