चौथा ढोल

मोंतेविदेओ, १४ जुलै

प्रिय आई,

मी बरी आहे. थंडी फार आहे, पण तू विणलेला स्वेटर पुरतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

एल्बियोदादाच्या बँडमधल्या मंडळींचं नवं गाणं शुक्रवारी येतंय. दादा गेल्यानंतरचं हे पहिलंच. व्हिडिओचं एडिटिंग मी केलंय.

तू बघशीलच, म्हणून आधी सांगते. सुरुवातीला रस्त्यावरची शेकोटी दिसते. कातडं ताणलं जावं म्हणून ढोल भोवती तापत ठेवलेत. वाजवणारे तिघं आणि ढोल चार. शूटिंगला त्यांच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. काल पडद्यावर त्यांच्या गायकाने, रामिरोने मोजले.

"हा चौथा कुठल्या शहाण्याने ठेवला?"

"तूच असशील. तुला तीनपुढे मोजता कुठे येतं?" ढोलवाली वाल्किरिया म्हणाली. मग तिने ढोलावरचा दादाचा निळा पट्टा ओळखला.

रामिरो हळूच म्हणाला, "काप ते, पोरी. तुझी आई बघणार आहे."

दृश्य नऊ सेकंदांचं आहे. मी कापलं नाही. बघवलं नाही तर दहाव्या सेकंदापासून बघ, गाणं तिथूनच सुरू होतं.

त्यांना सांगितलं नाही, तुला सांगते. ढोल माझ्या खोलीवरून मीच नेला होता. शूटिंगला निघताना दादाचा ढोल उचलायचा, ही इतक्या वर्षांची सवय. शेकोटीजवळ ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. तरी उचलला नाही. शेवटी हात लावून पाहिला. कातडं अगदी दादाला लागायचं तसंच ताणलं होतं.

बाबांना शेजारी बसवूनच बघ.

तुझी,
नोएलिया